तिसऱ्या उन्हाळ्यात कोण बघणार? सोलापुरातल्या कारखान्यांसाठी सीएसआरची वाटचाल, पायरीपायरीने

सोलापूरपासून तासाभरावरच्या एका जिल्हा परिषद शाळेच्या व्हरांड्यात आरओचं यंत्र उभं आहे. ते आम्हीच बसवलं. टॉवेलच्या कारखान्यात मी बरीच वर्षं प्रशासन बघतोय, आणि कंपनीच्या सामाजिक खर्चाचं, म्हणजे सीएसआरचं, काम माझ्या गळ्यात पडलं ते 'तुला गावाकडचं कळतं' एवढ्याच कारणावर. उद्घाटनाला फेटे झाले, नारळ फुटला, फोटो निघाले. दुसऱ्या वर्षी सहज गेलो तर यंत्राला कुलूप. चावी शिपायाकडे होती, शिपाई बदलून गेला होता. वाढलेलं वीजबिल कुणी भरायचं हे कधी ठरलंच नव्हतं. पोरं हातपंपावर, पूर्वीसारखीच. शाळेला बोल लावण्यात अर्थ नव्हता. आमच्या कोटेशनमध्ये यंत्राची किंमत होती, फिल्टरची नव्हती.

तेव्हापासून कुठलाही प्रस्ताव टेबलावर आला की मी एकच विचारतो: तिसऱ्या उन्हाळ्यात हे कोण बघणार? चिंचोळी, अक्कलकोट रोड, होटगी रोड इथल्या ज्या कारखानदारांना आसपासच्या गावांसाठी, वस्त्यांसाठी काही करायचंय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. पुढच्या सगळ्या पायऱ्या या प्रश्नाभोवतीच फिरतात.

पायरी १: आकडा काढा

कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे सीएसआर बंधनकारक होतो तो तीनपैकी एक अट लागू झाली की: मागच्या आर्थिक वर्षात नक्त मालमत्ता ५०० कोटी किंवा जास्त, उलाढाल १,००० कोटी किंवा जास्त, किंवा निव्वळ नफा ५ कोटी किंवा जास्त. आपल्याकडच्या कारखान्यांना लागलीच तर तिसरी लागते. मग मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्च करायचे. समजा नफा ४.२, ५.६ आणि ६.४ कोटी झाला. सरासरी ५.४ कोटी, त्याचे २ टक्के म्हणजे १० लाख ८० हजार. नफा कलम १९८ च्या पद्धतीने काढायचा असतो, ताळेबंदातला आकडा उचलून चालत नाही. ते सीएकडूनच करून घ्या. रक्कम ५० लाखांच्या आत असेल तर वेगळी सीएसआर समिती लागत नाही, संचालक मंडळच निर्णय घेतं.

सोलापुरातले बहुतेक यंत्रमागवाले भागीदारीत किंवा एकट्याच्या नावावर आहेत. त्यांना हा कायदा लागूच नाही. पण पुढच्या पायऱ्या त्यांच्याही कामाच्या आहेत, उलट त्यांचं काम सोपं, कागद कमी.

काय धरत नाहीत तेही आत्ताच लिहून ठेवा. फक्त आपल्याच कामगारांच्या आणि त्यांच्या घरच्यांच्या फायद्याचा खर्च चालत नाही. जाहिरातीसाठी दिलेलं प्रायोजकत्व चालत नाही, राजकीय पक्षाला दिलेले पैसे चालत नाहीत, आणि कायद्याने जे करायलाच लागतं ते तर अजिबात नाही. दिवाळीला कामगारांना दिलेली मिठाई सीएसआरमध्ये टाकू का, असं मला एका मालकांनी खरंच विचारलं होतं.

पायरी २: आधी आपली नाली

डाइंगचा (रंगाईचा) हौद धुतल्यावर पाणी कुठे जातं ते स्वतः चालत जाऊन बघा. मागच्या ओढ्याला आज मरून, उद्या निळा असा रंग दिसत असेल तर गावात वृक्षारोपणाचा फलक लावून कुणी फसत नाही. ज्या शेतकऱ्याच्या बांधाला ते पाणी लागतं तोच तुमच्या पहिल्या बैठकीत मागच्या रांगेत बसलेला असतो.

सांडपाण्यावर प्रक्रिया, चिमणीचा धूर, प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रातल्या अटी, ही सगळी आपली देणी आहेत. हा खर्च सीएसआरमध्ये बसत नाही, पण तो झाल्याशिवाय सीएसआर कुणाच्या गळी उतरत नाही.

एक स्वस्तातलं काम सांगतो. २,००० चौरस मीटर पत्र्याच्या शेडवर वर्षाला ५५० मिलिमीटर पाऊस धरला तर ११ लाख लिटर पाणी पडतं. हिशोब साधा आहे: एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर म्हणजे एक लिटर. वीस टक्के वाया गेलं तरी ८ लाख ८० हजार लिटर, म्हणजे दहा हजारी ८८ टँकर. पन्हाळ, पहिल्या पावसाचं पाणी बाहेर काढायची सोय, गाळणी आणि टाकी किंवा पुनर्भरणाचा खड्डा एवढंच लागतं. पर्जन्यछायेतल्या जिल्ह्यात राहून आपण हे पाणी गटारात सोडतो आणि संध्याकाळी टँकरवाल्याला फोन करतो.

पायरी ३: एप्रिलमध्ये फिरा

नकाशावर कारखान्याभोवती दहा-पंधरा किलोमीटरचं वर्तुळ काढा. आपण जिथे धंदा करतो त्या भागाला प्राधान्य द्यावं असं कायद्यातही आहे. पण पाहणी एप्रिल-मेमध्येच करा. ऑगस्टमध्ये प्रत्येक गाव हिरवं दिसतं, प्रत्येक विहिरीला पाणी असतं आणि सगळं कसं छान चाललंय असं वाटतं. मेमध्ये दुपारी बाराला एसटी थांब्यावर उभं राहिलं की गावाला काय हवंय ते न विचारताही अर्धं कळतं.

बघायचं ते असं: पाझर तलावात गाळ किती साठलाय, हातपंपाचं पाणी मचूळ आहे का, शाळेत मुलींचं स्वच्छतागृह वापरात आहे का त्याला कुलूप आहे, आणि आधी कुणीतरी दिलेल्या वस्तूंचं काय झालंय. हे शेवटचं चुकवू नका. गंजलेलं सोलर पॅनेल, कोरडी टाकी, बंद संगणक कक्ष यांच्याकडे बघितलं की गावात काय टिकत नाही ते आयतं समजतं.

पायरी ४: ऐकायला बसा, पण कुणासोबत?

सरपंचांना भेटून चहा घेतला की झालं, असं नसतं. ग्रामसभा साधारण २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या सुमाराला होतात, आणि ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची तरतूद आहे. त्या सभेला जा, मागे बसा, गप्प राहा. ग्रामपंचायतीचा विकास आराखडाही मागून घ्या, म्हणजे सरकारी पैशातून होणारंच काम आपण पुन्हा करत नाही.

शहरातल्या वस्त्यांमध्ये आणखी एक गोष्ट आहे, जी पुण्याहून आलेल्या सल्लागारांना हमखास कळत नाही. पूर्व भागात घरातली भाषा तेलुगू असते, बऱ्याच वस्त्यांत कन्नड, कुठे उर्दू. मराठीत बैठक घेतली की पुरुष बोलतात आणि बाया माना हलवतात.

आम्ही विडी कामगारांच्या एका वस्तीत शिवणक्लासचा प्रस्ताव घेऊन गेलो होतो. शिवणक्लास म्हणजे आपल्याकडच्या सीएसआरचं पोहे-उपीट. काही सुचलं नाही की हे. एका ओट्यावर चार-पाच जणी मांडीवर सूप घेऊन बसल्या होत्या. तेंदूच्या पानाला कात्री, चिमूटभर तंबाखू, गुंडाळी, दोऱ्याचे वेढे. आमचं बोलणं चालू असताना एकीचाही हात थांबला नाही. सोबत आमच्या लूमखात्यातला जॉबर (मागांवरचा मिस्त्री) होता, तेलुगू त्याची घरची भाषा. त्याने विचारलं, "अक्का, क्लासला येशील का?" त्यांच्यातल्या वयस्कर अक्का मान वर न करता काहीतरी म्हणाल्या आणि बाकीच्या हसल्या. जॉबरने आम्हाला मराठीत सांगितलं, "त्या म्हणतात, मशीन चार घरांत आहे, शिवायला कापड कोण देतंय? आणि पाणी सुटतं त्या दिवशी पोरगी शाळेत जात नाही, त्याचं काही करा."

नळाला काही दिवसांआड पाणी येतं, आई विड्या वळून मजुरी मिळवते, मग पाणी भरायला थांबते ती मुलगी. शिवणक्लासच्या फायलीत हे कुठे सापडणार? पुढे त्या गल्लीत बचत गटाच्या नावावर साठवणीच्या टाक्या दिल्या, तोटी आणि घट्ट झाकणासकट. झाकणाचा आग्रह वस्तीतल्या आशाताईंचा, म्हणजे आरोग्य कार्यकर्तीचा. उघड्या साठवलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास होतात, आणि एक अडचण सोडवताना दुसरी घरात आणायची नव्हती.

पायरी ५: एकच काम निवडा

१० लाख ८० हजारांत पाच गावांना पाच बाकडी देता येतात किंवा एका गावातलं एक काम पुरं करता येतं. मी दुसऱ्या बाजूचा आहे. आपल्या भागात तीन कामं वारंवार पुढे येतात.

पहिलं, तलावातला गाळ. माझ्या मते सोलापूर जिल्ह्यात पैशाला सगळ्यात जास्त मोल देणारं काम हेच. ५,००० घनमीटर गाळ निघाला की तेवढीच जागा पाण्याला मिळते: ५० लाख लिटर, एका भरणीत ५०० टँकर. वर निघालेला गाळ शेतात जातो. सरकारची 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना २०१७ पासून याच विचारावर आहे. पोकलेनचा खर्च आपण उचलायचा आणि वाहतुकीत शेतकऱ्यांचा वाटा ठेवायचा. वाटा नसला की गाळाचे ढीग तलावाच्या काठावरच राहतात आणि पहिल्या पावसात पुन्हा आत जातात. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

दोन खाचाखोचा. गाळ मुरमाड, हलक्या रानात न्या; जिथे आधीच भारी काळी जमीन आहे तिथे त्याचा फारसा उपयोग नाही. त्यामुळे मशीन लावण्याआधी कुणाच्या किती ट्रॉल्या, ही यादी हातात पाहिजे. आणि बांधाच्या पायथ्याशी खोदायचं नाही. किती अंतर सोडायचं, किती खोल जायचं हे जलसंधारण विभागाच्या अभियंत्याकडून आखून घ्या आणि गाळ संपून मुरूम लागला की थांबा. पोकलेनवाल्याला तासावर पैसे असतात, तो आपण होऊन थांबत नाही.

दुसरं, झाडं. इथे थोडं कडू बोलतो. सोलापुरात झाड लावणं पाच मिनिटांचं काम आहे, जगवणं तीन उन्हाळ्यांचं. ५०० रोपांना आठवड्यातून दोनदा दहा-दहा लिटर म्हणजे आठवड्याला १०,००० लिटर, एक टँकर. मकरसंक्रांतीपासून जूनच्या मध्यापर्यंत बावीस आठवडे, बावीस टँकर, आणि हे फक्त एका वर्षाचं. कुंपण वेगळं, कारण शेळी कंपनीचा लोगो बघून मागे फिरत नाही. हा हिशोब जमत नसेल तर ५० लावा. कडुलिंब, वड, पिंपळ, करंज, चिंच ही आपल्या मातीतली निवडा. लवकर हिरवं दिसतं म्हणून गिरिपुष्प आणि सुबाभूळ नको.

आणि माळरानावर झाडं लावूच नका. बार्शी रस्त्यावरच्या नान्नज परिसरात माळढोक अभयारण्य आहे, १९७९ मध्ये जाहीर झालेलं. माळढोक आता दिसला तर नशीब, पण काळवीट, लांडगा, खोकड, चंडोल यांचं घर हा उघडा माळच आहे. पवन्या, मारवेल, कुसळी ही गवतं म्हणजे पडीक जमीन नव्हे. माळावर दाट झाडी उभी केली की गवत हटतं आणि गवतावर जगणारे प्राणी-पक्षीही जातात. 'ओसाड माळ हिरवा केला' हे वाक्य वार्षिक अहवालात छान दिसतं, म्हणूनच ते धोक्याचं. माळासाठी काही करायचंच असेल तर वनविभागाशी बोलून गवताचं बी, चराईचं नियोजन, वणव्याआधी जाळरेषा अशा कामांना पैसे द्या. फोटो चांगले येणार नाहीत.

तिसरं, शाळा. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतल्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तेव्हापासून प्रत्येक कंपनीला डिजिटल वर्ग द्यायचाय. पडद्यामागे शिकवणारा माणूस असतो हे विसरलं जातं. आधी शिक्षकांना विचारा. बऱ्याचदा उत्तर छप्पर, वायरिंग किंवा मुलींचं स्वच्छतागृह असं येतं.

पायरी ६: जागा कुणाची, वस्तू कुणाची

परवानगीचा कागद तोंडी नसतो. तलाव असेल तर तो कुणाच्या ताब्यात आहे ते बघून जलसंधारण विभाग किंवा जिल्हा परिषद, सोबत तहसील आणि ग्रामपंचायतीचा ठराव. शाळेसाठी शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांचं पत्र. रस्त्याकडेला झाडं लावायची तर रस्ता ज्या विभागाचा त्याची लेखी संमती. नाहीतर रुंदीकरणात तिसऱ्याच वर्षी जेसीबी येतो. शहरात महापालिका.

सीएसआरच्या पैशातून उभी राहिलेली मालमत्ता कंपनीच्या नावावर ठेवता येत नाही. ती नोंदणीकृत सार्वजनिक न्यास, संस्था किंवा कलम ८ ची (नफ्यासाठी नसलेली) कंपनी, लाभार्थ्यांचे बचत गट किंवा समूह, नाहीतर सरकारी यंत्रणा यांच्याकडेच असावी लागते. म्हणून ती कुणाच्या दप्तरी चढणार, हे खरेदीआधी ठरवा.

पायरी ७: संस्था पारखून घ्या

स्वतः राबवायला माणसं नसतील तर संस्था लागते. तिच्याकडे कंपनी व्यवहार मंत्रालयाकडची सीएसआर-१ ची नोंदणी हवी (१ एप्रिल २०२१ पासून ती सक्तीची आहे), आयकराची १२ए आणि ८०जी नोंदणी हवी, आणि ती तुमच्याच कंपनीने काढलेली नसेल तर अशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव हवा. कागद सगळ्यांकडे असतात. मी एवढंच म्हणतो, "तुमचं चार वर्षांपूर्वीचं एखादं काम दाखवा, नवं नको." या वाक्याला जे अडखळतात त्यांच्याशी पुढे बोलण्यात वेळ घालवत नाही.

पायरी ८: पैसे आणि कॅलेंडर

आपल्या कामांची गंमत अशी की आर्थिक वर्ष संपतं ३१ मार्चला, आणि तलाव खोदण्याजोगे आटतात त्याच सुमाराला. त्यामुळे फेब्रुवारीत घाई होते, बिलं आधी निघतात, काम मागून. यावर कायद्यातच वाट आहे. मार्च संपण्याआधी संचालक मंडळाच्या ठरावात काम 'ऑनगोइंग प्रोजेक्ट' (चालू प्रकल्प) म्हणून नोंदवा. उरलेली रक्कम वर्ष संपल्यापासून ३० दिवसांत वेगळ्या अनस्पेंट (न खर्चलेल्या) सीएसआर खात्यात टाका आणि पुढच्या तीन आर्थिक वर्षांत खर्च करा. तिसऱ्या उन्हाळ्याचे पैसे बाजूला ठेवायची ही अगदी कायदेशीर युक्ती आहे, आणि फार थोडे लोक ती वापरतात. अशी नोंद नसलेली शिल्लक मात्र वर्ष संपल्यावर सहा महिन्यांत अनुसूची ७ मधल्या पंतप्रधान मदत निधीसारख्या निधीत भरावी लागते. चुकलं तर दंड रकमेच्या दुप्पट किंवा १ कोटी, यांपैकी जे कमी ते.

माझी वाटणी साधारण अशी: दहा रुपयांतले सहा कामावर, चार पुढच्या देखभालीवर. राखणदाराचा पगार, टँकर, फिल्टर हा कामाचाच खर्च आहे. कंपनीच्या कार्यालयीन खर्चाला जी ५ टक्क्यांची मर्यादा आहे ती याला लागत नाही. संस्थेला पैसे हप्त्याने द्या आणि शेवटचा हप्ता पहिला उन्हाळा उलटल्यावर.

तारखा ठरवताना सोलापूरचं पंचांग बघा. जानेवारीत गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) आठवड्यात शहरात कुठलंच काम पुढे सरकत नाही. आषाढीच्या आधी पालख्या जिल्ह्यात आल्या की तहसील आणि पोलीस सगळे बंदोबस्तात, सहीसाठी हेलपाटे घालू नका. खड्डे मेमध्ये, रोपं दोन चांगले पाऊस झाल्यावर. शाळेचं काम उन्हाळी सुट्टीत. निवडणुकीची आचारसंहिता लागली तर ठरावच अडकतात, म्हणून ते आधीच करून घ्या.

पायरी ९: मोजा, पण झेपेल तेवढं

'लाभार्थी: ४,२००' असं लिहिलेल्या अहवालांवर माझा विश्वास नाही, ती बहुधा गावाची लोकसंख्या असते. आम्ही तीनच गोष्टी मोजतो. तलावाखालच्या चार विहिरींची पाणीपातळी, दर महिन्याच्या एक तारखेला, दोरीला मीटरमीटरवर गाठी मारून. ते काम गावातली दहावीची दोन पोरं करतात, वहीत लिहितात. जगलेली झाडं, पण मोजणी ३१ मेला, ऑगस्टमध्ये नाही. आणि एकाच जागी उभं राहून काढलेला फोटो, दर तीन महिन्यांनी. एका वर्षी ५०० पैकी १८० झाडं जगली. तो आकडा मी तसाच मंडळापुढे ठेवला. जरा शांतता झाली, मग पुढच्या वर्षीच्या टँकरचे पैसे मंजूर झाले.

पायरी १०: पाटी

पाटी लावा, लपवायचं काही नाही. पण संचालकांच्या नावांची रांग आणि हाताएवढा लोगो यांऐवजी काम कुठल्या वर्षी झालं, किती खर्च आला, आता ते कुणाच्या ताब्यात आहे आणि बिघडलं तर फोन कुणाला करायचा हे लिहा. आरओच्या अनुभवानंतर पुढच्या शाळेत आम्ही पंपदुरुस्ती करणाऱ्या गावातल्याच मिस्त्रीचा नंबर पाटीवर रंगवला आणि चावी तिघांकडे दिली: मुख्याध्यापक, समितीतली एक पालक बाई आणि शाळेसमोरचा किराणावाला. मिस्त्री मध्यंतरी कारखान्यात येऊन माझ्यावरच डाफरला, "साहेब, नंबर काय लिवलाव, माणसं आता घरच्या पंपाला बी मलाच बोलवायलेत." त्याला चहा पाजला आणि पुढच्या वर्षाच्या देखभालीचा दर ठरवूनच परत पाठवला.